लेओकादियाच्या दगडावरचं घोडुलं

एल आमातेच्या उतारापाशी नदी दोन खडकांमधून अंग चोरून येते आणि मग एकदम मोकळी होते. तिथे बायकांचे धुण्याचे दगड आहेत. एकही दगड बेवारशी नाही. सासूचे गुडघे गेले की दगड सुनेकडे येतो, आणि दगडांवरून झालेली भांडणं या गावात जमिनीच्या भांडणांपेक्षा जास्त चालतात. सगळ्यांत चांगला दगड लेओकादियाचा. धार नेमकी त्याच्या नाकावर फुटते, साबणाचा फेस बघता बघता वाहून जातो, आणि सकाळचं पहिलं ऊन तिथेच पडतं. ती लग्न होऊन आली तेव्हा बायका म्हणायच्या, नवरा कसा निघेल कोण जाणे, दगड मात्र नशिबानं मिळालाय पोरीला.

त्या दगडाच्या चिरेत बोरूची एक काडी उभी असायची, आणि काडीच्या टोकावर सैतानाचं घोडुलं. चतुराच्या जातीतली बारीक टाचणीच ती, पण वेराक्रूझच्या या डोंगरांत तिला कोणी दुसऱ्या नावानं ओळखत नाही. अंग दाभणासारखं, काळपट तांब्याच्या रंगाचं. पंख काचेचे, पण मुळाशी लालभडक, डाळिंबाचा दाणा चिरडून पुसल्यासारखे. घोडुलं आपली काडी सोडत नाही. दुसरं कोणी आलं की दोघं एकमेकांभोवती गरगर फिरत वर जातात, आणि जिंकेल ते परत त्याच काडीवर येऊन बसतं. मादी आली की काडीखालच्या पाण्यात उतरते, पार बुडून पाण्यातल्या गवताच्या देठांत अंडी घालते, आणि तोवर हे वर बसून राखण करतं.

"बघा ग बायांनो," पेत्रोनिला म्हणायची, "बायको बुडाली तरी हा जागचा हलत नाही. आमच्याकडे उलटं. बुडायला तो जातो आणि बसायचं आम्ही."

पेत्रोनिला शेजारच्या दगडावरची. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला लेओकादिया धर्ममाता होती, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. तिचं तोंड फाटकं होतं, पण जे होतं ते तोंडावर होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा राग येईल आणि तो तितकासा बरोबर नाही.

एल आमातेतले पुरुष उत्तरेला जातात, सीमेपलीकडे. काही पैसे पाठवतात, काही फोटो पाठवतात, काहींचं पुढे काहीच कळत नाही. ज्यांचं काहीच कळत नाही त्यांच्या बायकांचं काय करायचं, हा प्रश्न ना सरकारनं सोडवला ना चर्चनं, तेव्हा तो नदीवरच्या बायकांनी सोडवला. नवरा गेला की येणाऱ्या सोमवारी बायकोनं त्याचा न धुतलेला शर्ट आपल्या दगडावर धुवायचा. त्यानंतर दगडावर जे घोडुलं बसेल ते त्याचं. ते येतंय तोवर माणूस कुठेतरी श्वास घेतोय. पूर ओसरल्यापासून पुढच्या पावसापर्यंत ते एकदाही फिरकलं नाही, तर नदीवरच्या बाया आपणहून त्या घरी जातात, आरसे झाकतात, नऊ दिवस जपमाळ ओढतात, आणि शेवटी त्याचे उरलेले कपडे मेलेल्या माणसाचे म्हणून नदीत धुतात. झाली ती विधवा. मग ती कोणाबरोबरही राहू शकते. पाद्री लग्न लावत नाही, पण बायांनी मानलं की गाव मानतं.

आता यात एक साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, की सगळे दगड सारखे नाहीत. पेत्रोनिलाचा दगड एका मोठ्या झाडाच्या गर्द सावलीत, साचलेल्या पाण्यावर. तिथे डास यायचे, घोडुलं कशाला येईल? तिचा नवरा उत्तरेला गेला आणि दुसऱ्याच वर्षी ती विधवा ठरली. नऊ दिवस खरंखुरं रडली. दहाव्या दिवशी केस विंचरून बाजारात गेली.

लेओकादियाचा नवरा एवारिस्तोही, पेत्रोनिलाचा गेला त्याच हिवाळ्यात उत्तरेला गेला होता. वाईट नव्हता, चांगला म्हणावा असंही त्याच्याकडून कधी काही घडलं नव्हतं. कॉफीला भाव नव्हता, घराला छप्पर नव्हतं, म्हणून गेला. "दोन पावसाळे," म्हणाला. मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या दोघी, लेओकादिया आणि तिची सासू कासिमिरा. सोमवारी लेओकादियानं शर्ट धुतला, पिळला, मान वर केली तर काडीवर घोडुलं बसलेलं. तिला इतकं बरं वाटलं की शर्ट वाळत घालायचा सोडून ती त्याच्याकडे बघतच बसली.

सुरुवातीला पैसे आले. मग यायचे थांबले. घोडुलं मात्र येत राहिलं.

कासिमिरा दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून असायची. तिचे गुडघे गेले होते, निदान ती तसं म्हणायची. उतार उतरवत नाही, नदी बघून वर्षं झाली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. संध्याकाळी सून धुण्याची टोपली घेऊन आली की तिचा एकच प्रश्न असायचा.

"घोडुलं येतं का ग?"

"येतं, दोन्या." वयानं मोठ्या बाईला इथे मानानं असंच म्हणतात.

"मग झालं तर. कॉफी टाक."

आणि लेओकादिया कॉफी टाकायची. मका दळायची, तोर्तिया थापायची, पहिली गरम तोर्तिया सासूच्या ताटात वाढायची, रात्री तिचे पाय चोळायची. असं एक वर्ष, दुसरं, पाचवं. तिच्या वयाच्या बायकांच्या मुली न्हात्याधुत्या झाल्या. लेओकादिया अजून सोमवार ते शनिवार दगडावर वाकून, अर्धं लक्ष कपड्यांत आणि अर्धं त्या लाल ठिपक्यात.

नदीच्या खालच्या अंगाला आबुंदिओ कोळंबी धरायचा. इथली कोळंबी म्हणजे हाताएवढी, निळ्या नांग्यांची, आकामाया म्हणतात तिला. तो बांबूचे सापळे लावायचा आणि सकाळी वर येताना केळीच्या पानात काहीतरी बांधून लेओकादियाच्या दगडाच्या कडेला ठेवायचा.

"हे काय?" पहिल्यांदा तिनं विचारलं.

"जास्त झाल्या."

"बाजारात वीक की मग."

"बाजारातही जास्त झाल्या," असं म्हणून तो आधी हसला आणि मग त्याला वाटलं हे हसण्यासारखं नव्हतं. असा माणूस होता. गोष्ट सांगायच्या आधी हसून मोकळा व्हायचा. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं, घरात एक आंधळा कुत्रा. वर्षभर त्या जास्त झालेल्या कोळंब्या येत राहिल्या आणि एके दिवशी त्यानं सरळ विचारलं. तेव्हा दुपारची वेळ होती, बाकीच्या बायका वर गेल्या होत्या.

"माझ्याकडे येशील का राहायला? छप्पर पत्र्याचं आहे. गळत नाही."

लेओकादियानं साबणाची वडी खाली ठेवली. "माझा नवरा जिवंत आहे."

"कोण म्हणतं?"

तिनं हनुवटीनं काडी दाखवली. घोडुलं बसलं होतं, पंख मिटून.

आबुंदिओनं त्या घोडुल्याकडे बघितलं. मग हळू आवाजात, शेजारच्या घरातलं आजारपण सांगावं तसं म्हणाला, "लेओका, मी दिवसभर पाण्यातच असतो. हे तेच नाही ग. एक महिना, फार तर दोन महिने जगतात ती. पंख फाटतात, मग मासे खातात. काडी चांगली आहे म्हणून दुसरं येऊन बसतं. मग तिसरं. काडी उपटून बघ, कोणी येणार नाही."

"तू कोळंब्या धर," ती म्हणाली. तिला राग आला होता. पण तो त्याच्यावरचा नव्हता, हे तिला घरी जाता जाता उमगलं. इतकी वर्षं आपण हे मनातल्या मनातही बोललो नाही आणि हा पाण्यात उभा राहून बोलून गेला, याचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी मागे राहिली. आजूबाजूला पाहिलं आणि बोरूची काडी उपटून धारेत टाकून दिली. घोडुलं दोन घिरट्या मारून निघून गेलं. दगड नुसता दगड राहिला. तिला छातीत इतकं हलकं वाटत होतं की तिची तिलाच लाज वाटली. त्या संध्याकाळी कासिमिरानं विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "आज नाही दिसलं, दोन्या."

म्हातारीनं पेला हातात घेतला. कॉफी मात्र तिनं अर्धीच प्यायली.

सकाळी लेओकादिया सगळ्यांच्या आधी नदीवर पोचली. दगडाच्या त्याच चिरेत बोरूची काडी उभी होती. हिरवी, ताजी. आणि टोकावर लाल ठिपके.

तुम्हाला वाटेल, बाई इतकी भोळी कशी. काडी रात्रीत उगवते होय? पण वर्षानुवर्षं ज्या गोष्टीवर माणूस जगलं त्या गोष्टीला दोष द्यायचा म्हणजे त्या सगळ्या वर्षांना दोष द्यायचा. लेओकादियाला वाटलं, आपण नवऱ्याला मारायला निघालो होतो आणि देवानं हात धरला. ती गुडघ्यांवर बसली, पाण्यातच, आणि क्षमा मागितली. आबुंदिओ कोळंबीचं पान घेऊन आला तेव्हा तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "नेऊन विक."

तो पुन्हा दोनदा आला. एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. मग यायचा थांबला.

अजून काही वर्षं गेली. एका सकाळी पेत्रोनिला कपडे धोपटत असताना मध्येच थांबून म्हणाली, "कोमाद्रे, तो कोळंबीवाला. तुझं त्याच्याशी काही नाही ना? नंतर म्हणशील सांगितलं नाहीस."

"मला काय करायचंय?" लेओकादिया म्हणाली.

"नीट सांग हं. नसेल तर मी विचारते. छप्पर गळत नाही म्हणे त्याचं."

"माहितीये."

"तुला कसं माहीत?"

लेओकादियानं जवळची चादर उगाचच दुसऱ्यांदा पिळली. "सगळ्या गावाला माहितीये," ती म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी शेजारच्या दगडावर आबुंदिओचे शर्ट यायचे. कोळंबीचा वास साबणानं जात नाही. पेत्रोनिला त्या वासाला नावं ठेवत, नवऱ्याला शिव्या घालत, मोठ्यानं हसत ते शर्ट बडवायची, आणि लेओकादिया हातभर अंतरावर वाकलेली असायची. कोणत्या शर्टाची कॉलर विरलीये, कुठलं बटण तुटलंय, हे तिला त्याच्या बायकोआधी कळायचं. ती काडीकडे बघायची. काडी असायची. पुरात वाहून गेली तरी पाणी ओसरल्यावर परत असायची. लेओकादिया स्वतःला बजावायची की बघ, आहे तो, जिवंत आहे. पण हळूहळू त्या लाल ठिपक्याचा तिला तिटकारा यायला लागला. मरत का नाहीस एकदाचा, असं एकदा मनात येऊन गेलं आणि ती त्याची कबुली द्यायला चर्चमध्ये गेली.

मग कासिमिराचं डोकं फिरायला लागलं. आधी मीठ कुठे ठेवलं ते विसरायची, मग जेवली की नाही ते. कधी सुनेला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षी पाणी ओसरल्यावर लेओकादिया नदीवर गेली तर चिरेत काडी नव्हती. आठवडा गेला, पंधरवडा गेला. काडी आली नाही, घोडुलंही आलं नाही. तिनं घरी कोणाला सांगितलं नाही. काय वाटतंय हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

एका सकाळी ती तव्यावर तोर्तिया टाकत होती. म्हातारी खुर्चीतून म्हणाली, "काडी लावलीस का?"

"कुठली काडी?"

"दगडावरची. पुरात गेली असेल ना. मला आता खरंच उतरवत नाही ग, पहाटे अंधारात पाय घसरतो. तू लाव. बोरू परसात आहे. हिरवा घे, वाळका मोडतो."

लेओकादिया वळली. "तुम्ही लावायचात?"

"मग कोण? काडी नसली की घोडुलं बसत नाही. घोडुलं बसलं नाही की बाया येतील आरसे झाकायला." म्हातारी बोलत होती ती तिच्या मेलेल्या बहिणीशी, हे उघड होतं. आवाजात कसलं ओझं नव्हतं. "एकदा तर पोरीनं उपटूनच टाकली. मी म्हटलं, आता ही जाणार. पहाटे गेले, पडत-झडत. हा गुडघा तेव्हाच फुटला बघ."

"आणि एवारिस्तो?"

"तो कधीच गेला. पहिल्याच वर्षी. छपरावर काम करत होता तिकडे, पडला. ला पाल्मा गावचा एक माणूस परत आला होता, त्यानं मला बाजारात सांगितलं. मी मिरच्या घेत होते."

तव्यावरून धूर यायला लागला होता.

"सुनेला का नाही सांगितलंस?" लेओकादियानं विचारलं. तिचा आवाज साधा होता. बहीणच विचारतेय असा.

"सांगितलं असतं तर ती गेली असती. तरुण होती. आणि तो कोळंबीवाला घिरट्या घालत होताच." म्हातारीनं हात झटकला. "मग मला तोर्तिया कोणी थापून दिल्या असत्या? तूच सांग."

लेओकादियानं तव्यावरची तोर्तिया उलटली. एका बाजूनं कोळसा झाली होती. ती तशीच सासूच्या ताटात वाढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या ताटात जळकी तोर्तिया पडली, आणि म्हातारीनं ती घेवड्याशी खाऊन टाकली.

त्या दिवशी लेओकादिया नदीवर गेली ती एवारिस्तोचे उरलेले कपडे घेऊन. दोन शर्ट, एक विजार, पेटीच्या तळाशी ठेवून ठेवून घड्यांवर पिवळे पडलेले. तिनं ते दगडावर मांडले आणि मेलेल्याचे कपडे धुतात तसे, न धोपटता, हातांनी दाबून धुवायला लागली. बायकांच्या गप्पा एकेक करून थांबल्या. कोणी तरी डोक्यावरून शाल घेतली, मग सगळ्यांनी.

"कधी कळलं, कोमाद्रे?" पेत्रोनिलानं विचारलं.

"आज."

"कधी झालं?"

"तू विधवा झालीस त्याच्या आधी."

पेत्रोनिलाच्या हातात आबुंदिओचा शर्ट होता. तो तिनं पाण्याखाली दाबून धरला, चोरीचा माल असावा तसा. तिला सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"विचारलं होतंस."

"मी नीट विचारलं होतं, लेओका."

"हो ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

दोघींनी आपापले कपडे पिळले. एवारिस्तोचा शर्ट दगडावर पसरलेला होता तिथे एक घोडुलं आलं आणि ओल्या बाहीवर बसलं. काडी नव्हती, म्हणून बाही. एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. लेओकादियानं ते बोटानं उडवलं आणि शर्ट उचलून टोपलीत टाकला. सासूनं काय केलं ते तिनं नदीवर सांगितलं नाही. लाज सासूची होती, पण इतकी वर्षं फसलेली ती होती.

बाया घरी आल्या, आरसे झाकले, नऊ दिवस जपमाळ झाली. कासिमिरा मधोमध खुर्चीत बसून प्रत्येकीला विचारत होती, कोण गेलं? तुमचा एवारिस्तो, असं सांगितलं की हंबरडा फोडायची. खरा हंबरडा, आत्ताच कळल्यासारखा. तासाभरानं परत विचारायची.

गाव म्हणतं की आता लेओकादियानं सुटावं. कुठे सुटावं? केस पांढरे झालेत. ज्याचं छप्पर गळत नव्हतं त्याच्या छपराखाली दुसरी आहे. सासूला टाकून जाणं तिला जमलं नाही. माया होती म्हणून नाही, तिला दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणून. ती अजून मका दळते, पाय चोळते. आणि सकाळी म्हातारी विचारते, कारण एवढा एक प्रश्न तिच्या डोक्यात शिल्लक आहे.

"घोडुलं येतं का ग?"

"नाही येत," लेओकादिया सांगते. "एवारिस्तो मेला, दोन्या."

म्हातारी रडते. रोज तितकंच रडते. एकदा पेत्रोनिला कोळंबीचं कालवण घेऊन आली होती, तिनं दारातून हे ऐकलं आणि कालवण ठेवायच्या आधी तोंड सोडलं. "रोज रोज त्या बाईचा मुलगा काय मारतेस? येतं म्हणून सांग की. एवढी सूड घ्यायची हौस आहे तर उपाशी ठेव, निदान लवकर सुटेल."

लेओकादियानं कालवण घेतलं, भांडं विसळून परत दिलं. सूडच होता, पहिले काही दिवस. म्हातारीचा चेहरा कोसळताना बघून तिला बरं वाटलं होतं, आणि तेही ती कबुलीत सांगायला गेली नव्हती. पण पेत्रोनिला दारातूनच निघून गेली, पुढचं तिनं ऐकलं नाही.

रडून झाल्यावर कासिमिरा डोळे पुसते. मग सुनेचा हात शोधते, दोन्ही हातांत धरते. तिच्या डोक्यात मुलगा आत्ता गेलाय आणि समोर कालची नवी सून बसलीये. ती म्हणते, "पोरी, तू तरुण आहेस अजून. माझं काय, मी बघेन माझं. तो कोळंबीवाला तुला विचारत होता ना? चांगला आहे ग तो. जा तू. मी नाही अडवणार."

म्हणून लेओकादिया रोज सकाळी सांगते. सांगून झालं की चूल मंद करते आणि स्टूल खुर्चीजवळ ओढून बसते, कारण म्हातारीचा आवाज आताशा फार बारीक झालाय, आणि रडणं संपल्यानंतरचं तिला नीट ऐकायचं असतं.